तार, काठी आणि काळी माती

हौशी रेडिओकडे वळणारा नवा माणूस पहिल्यांदा विचारतो ते संचाबद्दल. कोणता घ्यावा, केवढ्याला पडतो, जपानीच हवा की चिनी चालेल, जुना कुठे मिळेल. अँटेनाचा विषय तो काढत नाही, आणि कुणी काढला तर संच आल्यावर बघू म्हणून बाजूला ठेवतो. या पुस्तिकेची सगळी मांडणी याच्या उलट आहे. संच खोक्यातून तयार होऊन येतो. तुमच्या अंगणाच्या मापाची, तुमच्या छपराला जमेल अशी, तुमच्या गावच्या वाऱ्यापावसाला पुरून उरणारी अँटेना मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. ती आपण मापायची, कापायची, चढवायची आणि पुढे वर्षानुवर्षं सांभाळायची. शंभर वॉटचा महागडा संच वाईट अँटेनाला जोडला तर शेजारच्या जिल्ह्यातही आवाज धड पोहोचत नाही. पाच वॉटचा घरी जुळवलेला संच नीट कापलेल्या आणि नीट टांगलेल्या तारेवर समुद्रापलीकडे बोलतो. ज्यांनी दोन्ही करून पाहिलं आहे त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही.

पुस्तिका लिहिताना डोळ्यांसमोर सतत पिंपळगाव राजा होतं. बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातलं, ज्ञानगंगेकाठचं हे गाव. अँटेनावरची पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिली गेली आहेत. त्यांत बर्फाच्या वजनाने तार तुटते, ओकच्या झाडाला दोरी बांधतात आणि हिरव्यागार लॉनमध्ये अर्थिंगची सळई ठोकतात. आमच्या घाटाखाली बर्फ नाही, पण मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो आणि नायलॉनच्या दोरीचा भुगा होतो. लॉन नाही, पण उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसाळ्यात फुगणारी काळी माती आहे. ओक नाही, कडुनिंब आहे. अशा ठिकाणी काय टिकतं आणि काय टिकत नाही, हे आपल्या भाषेत एका जागी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ज्यांना हा छंद नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हौशी रेडिओ, ज्याला सगळे हॅम रेडिओ म्हणतात, म्हणजे सरकारी परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या लहरींवर, पैसे न कमावता केलेलं बिनतारी संभाषण. भारतात हा परवाना केंद्रीय दळणवळण मंत्रालयाच्या वायरलेस विभागाकडून मिळतो. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. रेडिओची मूलतत्त्वं आणि नियम एवढा अभ्यास लागतो. वरच्या श्रेणीसाठी मोर्सही येणं आवश्यक असतं. उत्तीर्ण झाल्यावर ‘व्हीयू’ने सुरू होणारं स्वतःचं संकेतनाम (कॉल साइन) मिळतं आणि जगभर माणूस त्याच नावाने ओळखला जातो. बाजारात हजार-दोन हजारांत हातातले वॉकीटॉकी मिळतात म्हणून परवान्यावाचून बोलायला सुरुवात करणारे अलीकडे वाढले आहेत. तो गुन्हा आहे. या पुस्तिकेतलं प्रसारणाचं सगळं काम परवाना हातात आल्यानंतरचं आहे, हे एकदाच आणि स्पष्ट सांगून ठेवतो.

आता तारेची गोष्ट. मराठी मुलखात एका तारेने केवढं काम केलं याचा सर्वांत ठसठशीत दाखला १९४२ च्या मुंबईतला आहे. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने हौशी रेडिओचे परवाने रद्द केले आणि संच जमा करायला लावले. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे साथीदार विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांची मदत होती, राममनोहर लोहिया पाठीशी होते आणि प्रक्षेपक बांधण्यात नरिमन प्रिंटर या एका हॅमचा हात होता. २७ ऑगस्टला हे केंद्र बोलू लागलं. ते कुठून बोलतं हे सांगण्याचा प्रश्नच नव्हता. घोषणा व्हायची ती फक्त हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाची आणि ४२.३४ मीटर लहरीची.

या आकड्याशी मी नेहमी थबकतो. रेडिओलहरीचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. ३०० ला ४२.३४ ने भागलं की सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ येतात. आज भारतातल्या हॅमना सात ते सात पूर्णांक दोन मेगाहर्ट्झचा जो पट्टा मिळालेला आहे, ज्याला आपण चाळीस मीटरचा पट्टा म्हणतो, त्याच्या पोटातच हा आकडा बसतो. म्हणजे काँग्रेस रेडिओ ज्या लहरीवर बोलला, तिथेच आज सकाळी मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणारे हॅम एकमेकांची विचारपूस करतात. त्या लहरीची अर्धी लांबी भरते वीस मीटरच्या आसपास. चौपाटीजवळच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीतून सुरू झालेलं केंद्र पोलिसांचा माग चुकवत जागा बदलत राहिलं. प्रत्येक नव्या जागी संच टेबलावर मांडून काम संपत नव्हतं. तार नव्याने, कुणाच्या डोळ्यांवर न येता बांधावी लागणार होती. पोलिसांच्या गाड्याही शेवटी त्या तारेतून निघणाऱ्या लहरीचीच दिशा शोधत होत्या. १२ नोव्हेंबरला महालक्ष्मीजवळच्या जागेवर छापा पडला आणि सगळं संपलं. उषाताईंना तुरुंगवास झाला. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रकरणातलं धाडस येतं, आणि ते यायलाच हवं. पण जागा बदलून पुन्हा पुन्हा एरियल उभी करणाऱ्या हातांचं कसबही त्या धाडसाचाच भाग होतं, आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही.

पुढचे दाखले संकटांतले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळींनी लातूर-धाराशिवच्या पडलेल्या गावांतून निरोप बाहेर काढले. २००१ मध्ये भुजच्या भूकंपात आणि २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरातही हे झालं. त्यातला सर्वांत बोलका प्रसंग अंदमानचा. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने हॅमचं एक पथक पोर्ट ब्लेअरला गेलं होतं. अंदमानातून हौशी रेडिओवर बोलणं ही जगभरच्या हॅमसाठी दुर्मीळ गोष्ट, म्हणून हा छंदाचा दौरा होता. २६ डिसेंबरला भूकंप आणि पाठोपाठ त्सुनामी आली. टेलिफोन गेले. या पथकाच्या अँटेना त्या वेळी आधीच उभ्या होत्या, जुळवलेल्या होत्या आणि रोज वापरात होत्या. दौरा थांबवून सगळी यंत्रणा संकटातल्या निरोपांना लावता आली ती एवढ्यामुळेच. संकट आल्यावर अँटेना बांधायला घेतली तर पहिला मोलाचा दिवस शिडी, दोरी आणि विसरलेला कनेक्टर शोधण्यात जातो. आमच्याच जिल्ह्यात २०२३ च्या जुलैमध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांना पुराने वेढलं होतं. असं संकट पुन्हा येणारच नाही असं कोणी म्हणणार नाही. म्हणून देखभालीचं प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत मोठं ठेवलं आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागूनच बोलतात. रेडिओसाठी ही विभागणी अगदी खरी आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलं आहे. पिंपळगाव राजा पूर्णेच्या खोऱ्यात, घाटाखाली. दोन मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झला, लहर जवळपास नजरेच्या रेषेत जाते. नऊ मीटर उंच काठीवरच्या अँटेनाचं क्षितिज साधारण बारा किलोमीटरवर येतं. समोरच्याचीही काठी तेवढीच असेल तर वीस-पंचवीस किलोमीटर मोकळ्या मैदानात सहज निभतात. नांदुरा, खामगाव हाताशी येतात. पण घाटाच्या पलीकडचं गाव त्याच अंतरावर असलं तरी मधला डोंगर बोलू देत नाही. उलट घाटमाथ्यावर एखादं केंद्र असलं तर खालच्या सगळ्या तालुक्यांना त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलता येईल. नकाशात रस्त्याचं अंतर पाहून अँटेनाचा अंदाज बांधू नये, डोंगर पाहावा, हे पहिल्या प्रकरणात सविस्तर आलं आहे.

दूरचं बोलायचं तर वरच्या आयनांबरावरून परतणाऱ्या लघुलहरी हव्यात, आणि इथे एक चुकीची समजूत घट्ट बसली आहे. अँटेना जितकी उंच तितकी चांगली, असं प्रत्येकजण म्हणतो. युरोप-अमेरिकेशी बोलायचं असेल तर ते बरोबर आहे. पण पिंपळगाव राजाहून नागपूर पावणेतीनशे, पुणे साडेतीनशेच्या पुढे आणि मुंबई चारशेच्या आसपास किलोमीटर. एवढ्या जवळच्या गावांशी दिवसा बोलायचं तर लहर जवळजवळ सरळ वर जाऊन सरळ खाली यायला हवी. सात मेगाहर्ट्झची आडवी तार सहा ते आठ मीटर उंचीवर बांधली की ती नेमकं हेच करते. वीस मीटरचा मनोरा उभारणाऱ्याची लहर मुंबईवरून उडून पुढे जाते आणि सहा मीटरवर तार बांधलेल्या साध्या माणसाला मुंबई स्वच्छ ऐकू येते. रात्र चढली की आयनांबर विरळ होतं, सात मेगाहर्ट्झवरून जवळची गावं नाहीशी होतात. तेव्हा ऐंशी मीटरच्या पट्ट्यावर उतरावं लागतं आणि त्याला चाळीस मीटर तार लागते. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या हॅमला चाळीस मीटर हे स्वप्न आहे. आपल्याकडे खळं आहे, वाडा आहे, मळा आहे. आपत्तीच्या कामासाठी राज्यात रेडिओचं जाळं विणायचं असेल तर ते खेड्यांतूनच विणलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

या पुस्तिकेची पहिली अँटेना साधा डायपोल आहे. मधोमध तोडलेली तार, तोडल्या जागी केबल, दोन्ही टोकांना इन्सुलेटर. मीटरमधली एकूण लांबी काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ ला सुमारे वीस मीटर चौदा सेंटिमीटर येतात. पण सूत्र फक्त सुरुवात करून देतं. घराच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची पीव्हीसी वेष्टणाची तार वापरली तर त्या वेष्टणामुळे खरी लांबी दोन-तीन टक्क्यांनी कमी लागते. जमिनीची जवळीक, छप्पर, भिंत, सगळं आपापल्या परीने लांबी बदलतं. म्हणून तार आधी एकवीस मीटर घ्यायची, वर चढवायची आणि मोजायची. नॅनो-व्हीएनए नावाचं तळहाताएवढं मोजयंत्र आता स्वस्तात मिळतं. त्याच्या पडद्यावरची रेषा ज्या जागी खोल वाकते, ती तुमच्या तारेची स्वतःची लहर. समजा रेषा ६.८ वर वाकली. मग तार खाली घ्यायची आणि दोन्ही टोकं सारखीच, प्रत्येकी वीस सेंटिमीटर मागे दुमडून स्वतःभोवती घट्ट पिळायची. कापायची नाही. पुन्हा चढवायची, पुन्हा मोजायचं. रेषा सरकत सरकत ७.१ वर आली आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून परत फिरणाऱ्या ताकदीचं माप, दीडच्या खाली उतरला की चार टक्क्यांहून कमी ताकद परत फिरते, तेवढं पुरे. एकावर आणण्यासाठी दिवस घालवू नये. दोनला अकरा टक्के परत येतात, तेही ऐकणाऱ्याच्या कानाला कळत नाही.

तार मधोमध उंच आणि टोकं खाली उतरती बांधली तर एकाच काठीत काम होतं. इंग्रजी व्ही उलटं धरावं तसा तिचा आकार दिसतो, म्हणून हॅम मंडळी तिला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात. आमच्याकडच्या घरांना तीच सर्वांत सोयीची. टिनाचं छप्पर असेल तर मात्र तारेची टोकं पत्र्यापासून निदान दोन-तीन मीटर वर ठेवावीत, नाहीतर पत्रा तिची लहर बिघडवतो. तोच पत्रा दोन मीटरच्या उभ्या अँटेनाला उपयोगी पडतो. लोहचुंबकी बैठकीवरची एकोणपन्नास सेंटिमीटरची सळई छपराच्या मधोमध ठेवली की पत्रा तिच्याखाली जमिनीचं काम करतो.

काठीसाठी जीआय पाइप, यू-बोल्ट आणि तीन किंवा चार ताण (काठीला धरून ठेवणाऱ्या तारा) लागतात. खरा प्रश्न पायाचा असतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून पाइपापासून सुटते. दीड-दोन फूट खड्ड्यात गिट्टी-सिमेंट भरून उभा केलेला पाइप पहिल्या वर्षी सरळ दिसतो आणि तिसऱ्या वर्षी कलतो. गावातले किती खांब तसे उभे आहेत ते पाहावं. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. तेवढं खोल जाणं शक्य नसेल तर आजूबाजूची काळी माती काढून मुरूम ठासून भरावा. ताणाच्या खुंट्यांनाही हाच नियम. ताण टर्नबकलवर असले की दर दिवाळीला आणि दर मेमध्ये ते पुन्हा सारखे करता येतात.

झाड असेल तर काठीही लागत नाही, पण झाड हलतं. कडुनिंबाला थेट बांधलेली तार पहिल्या वावटळीत तुटते. फांदीला कप्पी अडकवावी, दोरी तीतून घ्यावी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वाळूने भरलेला पाच लिटरचा डबा लटकवावा. झाड झुकलं की डबा वर जातो, परतलं की खाली येतो, आणि तारेवरचा ताण तेवढाच राहतो. वानरांची टोळी तारेवर लोंबकळली तरी डबा वर सरकून तार वाचते. दोरी पॉलिएस्टरची घ्यावी. नायलॉनची दोरी उन्हाने वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होते. नखाने खरवडली तर पांढरी पूड निघते. तशी पूड दिसली की त्याच दिवशी बदलावी.

केबलवर लोक सर्वांत कमी खर्च करतात आणि सर्वांत जास्त गमावतात. आरजी-५८ ही बारीक केबल सात मेगाहर्ट्झला वीस मीटर लांबीत साधारण सहावा हिस्सा खाते, ते चालतं. तीच केबल दोन मीटरच्या पट्ट्यावर निम्म्याहून जास्त ताकद गिळते. तिथे आरजी-२१३ सारखी जाड केबलच हवी. पण केबलचा खरा शत्रू पाणी. वरच्या जोडात मोहरीएवढी फट राहिली तरी पहिल्या पावसात पाणी तांब्याच्या विणीत शिरतं आणि विणीतूनच मीटर-मीटर खाली उतरतं. अशी केबल ब्लेडने सोलून पाहावी. चांगल्या केबलची वीण लालसर चमकते. पाणी प्यायलेलीची काळपट असते, जोडाजवळ हिरवट, आणि सोल्डर तिच्यावर बसतच नाही. इथे एक फसगत आहे, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. भिजलेली केबल परत येणारी ताकदही खाऊन टाकते, त्यामुळे संचाजवळच्या मीटरवर एसडब्ल्यूआर पूर्वीपेक्षा सुधारलेला दिसतो. काहीही न करता आकडा अचानक छान झाला, तर आनंद मानू नये. केबल खाली उतरवून तपासावी. जोडावर आधी ओढला की स्वतःला चिकटणारा रबरी टेप, वर साधा काळा टेप, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून गळून जातं.

खेड्यात हवेतला गोंगाट शहरापेक्षा कमी असतो, हे आपलं मोठं भांडवल आहे. ते हळूहळू कमी होतंय. स्वस्त एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सौर पंपाचे कंट्रोलर यांची गुणगुण दिवसा ऐकू येते. आणि घाटाखाली हमखास सापडणारा आवाज आहे झटका मशीनचा. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत सोडलेला झटका रेडिओवर सेकंदाला एकदा ‘टक्’ असा ऐकू येतो. कुंपण धड असेल तर हा आवाज क्षीण असतो. तो मोठा झाला म्हणजे कुठेतरी ओलं गवत तारेला टेकलं आहे किंवा इन्सुलेटर फुटून ठिणगी पडते आहे. छोटा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन केंद्रांच्या मधे लावून कुंपणाकडेने चालत गेलं की ती जागा सापडते. ती दुरुस्त केली की आपला गोंगाट जातो आणि शेजाऱ्याच्या कुंपणाचा झटकाही पूर्वीसारखा बसू लागतो. भांडणापेक्षा हा मार्ग चांगला.

धोक्याचं मात्र हात राखून लिहिलेलं नाही. महावितरणच्या तारांपासून काठी तिच्या अँटेनासकट एकूण उंचीच्या दीडपट तरी लांब असावी, म्हणजे पडली तरी तारांवर पडणार नाही. वीजतारेच्या वरून किंवा खालून अँटेनाची तार कधीही, कुठल्याही सबबीवर नेऊ नये. वीज नाही म्हणून तार मेलेली आहे असं समजू नये. थ्री फेज कधी येईल याचा भरवसा नसतो. आणि एकट्याने चढू नये.

आकाशातल्या विजेचंही तसंच. विदर्भात वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात आणि दरवर्षी शेतात माणसं, जनावरं दगावतात. थेट वीज पडली तर कुठलीही हौशी व्यवस्था संच वाचवू शकत नाही. जवळ पडलेल्या विजेने तारेत जमणारा भार मात्र जमिनीत सोडता येतो. त्यासाठी कोळसा-मिठाचा नीट अर्थिंग खड्डा, घराच्या अर्थिंगशी जोडलेला, आणि तिथवर जाणारी जाड, सरळ, कमी वळणांची तार हवी. काम झालं की केबल रोज संचातून काढावी, आणि घरात लोंबकळत न ठेवता घराबाहेरच्या पेटीत अर्थला जोडावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. प्रत्येक हॅमच्या फोनमध्ये ते असावं.

शेवटच्या प्रकरणात उपग्रह आहेत. ते छोटं आहे, कारण सुरुवातीला लागतं ते फार थोडं. ५ मे २००५ ला इस्रोने श्रीहरिकोट्याहून हॅमसॅट हा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह खास हौशी रेडिओसाठी सोडला आणि २०१४ पर्यंत त्याने काम केलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आजही हॅमचा संच आहे, तो १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. २०२५ च्या जुलैमध्ये शुभांशू शुक्ला त्याच संचावरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. हे स्थानक ऐकायला मनोरा लागत नाही. ॲल्युमिनियमच्या सळया आणि लाकडाची पट्टी यांची हातात धरायची यागी अँटेना पुरते, आणि गावातलं मोकळं आकाश तर शहरवाल्यांना मिळतच नाही. याच प्रकरणात हैदराबादचे अशर फरहान यांच्या बिटएक्सचाही उल्लेख आहे. साध्या, सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून जुळवता येणारा त्यांचा हा संच जगभर घराघरांत बांधला गेला. आपल्याकडच्या आयटीआयमध्ये आणि विज्ञान महाविद्यालयांत तो अजून पुरेसा पोहोचलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

देखभालीचं वेळापत्रक शेतीच्या वर्षाला धरून लावलं आहे, कारण गावात दुसरं वेळापत्रक लक्षात राहत नाही. मृगाच्या आधी जोड, टेप, दोऱ्या आणि ताण. पोळ्याच्या सुमारास पाऊस उघडला की केबलचं मोजमाप. दिवाळीत काठीचा पाया आणि गंज. संक्रांतीनंतर तारेत अडकलेला मांजा काढणं, कारण तो दंवाने भिजून तारेला ओढत राहतो. प्रत्येक वेळी एका वहीत तारीख आणि पट्ट्याच्या तीन जागांचा एसडब्ल्यूआर लिहायचा: सात पूर्णांक शून्य, एक आणि दोन. ही वही संचापेक्षा जपून ठेवावी. दोष कधी सुरू झाला हे सांगणारी ती एकच गोष्ट आपल्याकडे असते.

शाळांच्या विज्ञान शिक्षकांना आणि आयटीआयच्या निदेशकांना माझी विनंती आहे की हे पुस्तक वाचायला देण्याआधी एक तार मुलांकडून बांधून घ्यावी. मोजपट्टी, अडीचची वायर, पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणि एक दुपार एवढंच लागतं. वाचकांनीही आपापल्या गावच्या मातीचा आणि वाऱ्याचा अनुभव जरूर कळवावा. कोकणच्या खाऱ्या हवेबद्दल आणि सह्याद्रीच्या पावसाबद्दल इथे जे कमी पडलं आहे ते त्या बाजूच्या लोकांनीच भरून काढायचं आहे. परीक्षेचा अर्ज भरून तारखेची वाट पाहत असाल, तर तेवढ्यात आपलं अंगण मोजून ठेवा. सात मेगाहर्ट्झच्या तारेला वीस मीटर लागतात. मध्य उंच ठेवून टोकं खाली उतरवली तर पंधरा-सोळा मीटरच्या जागेत ती बसते.